आधी हवेत

कुठलंही काम करण्यापूर्वी आमच्या शेजारचे काका ते एकदा हवेत करून बघायचे. बँकेत सही करायची असली तरी आधी रिकामं बोट हवेत फिरायचं, मग पेन कागदाला लागायचं. नारळ सोलतानाही कोयता एकदा नुसताच खाली यायचा. "आधी हवेत," म्हणायचे. "चुकलं तर हवेचं काय जातंय?" अशी माणसं तुमच्याही आळीत असतील. फक्त त्यांच्या पडवीत कॉम्प्युटरवर चालणारं थर्माकोल कापायचं यंत्र बहुधा नसेल.

काका कंपनीतून निवृत्त होऊन रेवदंड्याच्या घरी राहायला आले आणि म्हणाले, "जन्मभर दुसऱ्यांची यंत्रं दुरुस्त केली. आता आपलं एक विमान उडवायचं." विमान म्हणजे रिमोटवरचं, थर्माकोलच्या पंखांचं. थर्माकोल सुरीने कापला की भुगा होतो, म्हणून तो तापलेल्या तारेने कापायचा. तार हाताने धरली की हात थरथरतो, म्हणून ती कॉम्प्युटरने फिरवायची. असं एकातून एक निघत पडवी भरत गेली. जुन्या प्रिंटरांच्या मोटारी आल्या, ड्रॉवरच्या सरकपट्ट्या आल्या, शेगडीची कॉइल उलगडून तार झाली. तापल्यावर ती सैल पडू नये म्हणून टोकाला स्प्रिंग. ती काकूंच्या स्वयंपाकघरातल्या कुठल्या वस्तूची होती हे काकूंना बरेच दिवस कळलं नव्हतं.

मी मदतनीस. प्रोग्राम म्हणजे नुसती आकड्यांची रांग होती: तार इतकी पुढे, इतकी वर. मी आकडे वाचायचे, काकांनी टाइप करायचे. एवढ्या कामालाही मी पुरलो नाही. एकदा तोंडात पोह्यांचा घास होता, त्याबरोबर एक दशांशचिन्हही गिळलं गेलं. काकांनी रिवाजाप्रमाणे थर्माकोल न लावताच यंत्र चालू केलं, तर तार पंखाचा आकार सोडून सरळ पडवीच्या खांबाकडे निघाली. त्यांनी शांतपणे बटण बंद केलं.

"आधी पोहे संपव," ते म्हणाले. "मग वाच."

पण खरी भानगड वेगळीच होती. नवा थर्माकोल विकत घेणं काकांना कमीपणाचं वाटायचं. बंदरावर मासळीची फुटकी खोकी पडलेली असायची, ती ते उचलून आणत. तिथला एक नाखवा दर वेळी विचारायचा, "काका, म्हावरा नको न् खोका पायजे? उलटाच न्याय हाय तुमचा."

आणि काकांचं घर तर असं, की चातुर्मासात कांदासुद्धा उंबरठा ओलांडत नसे. काकू प्रत्येक खोकं विहिरीवर तीनदा धुवायला लावायच्या. पण हे सोवळं टिकायचं ते खोकं थंड असेपर्यंतच. तापलेली तार आत शिरली, की थर्माकोलच्या पोटात मुरलेला बांगडा जागा व्हायचा. आळीभर वास. मांजरं पडवीसमोर येऊन बसायची. एकदा तर मुंबईचं एक कुटुंब गाडी थांबवून आत आलं आणि विचारू लागलं, "इथे जेवणाची सोय आहे ना?"

"आहे," काकू म्हणाल्या. "वरणभात."

ते गेल्यावर काकूंनी निकाल दिला. "अहो, चैत्रातलं हळदीकुंकू याच पडवीत आहे. बायका इथे पन्हं प्यायला यायच्या आहेत, बांगडा हुंगायला नाही. तोपर्यंत तुमचं विमान उडालं तर यंत्र राहील. नाहीतर भंगारवाला आणि मी, आमचं आम्ही बघून घेऊ."

काका हसले, पण त्या दिवशी त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं.

पंख काही जमेनात. कापल्यावर त्यांवर जिन्यासारख्या पायऱ्या दिसायच्या. आठवडाभर काका आकडे तपासत बसले. संशयाने माझ्या पोह्यांकडेही बघून झालं. शेवटी कारण सापडलं: होड्या बंदराला लागल्या की बर्फाचा कारखाना जोरात चालू होई, आळीतली वीज मंद होई आणि तार गार पडून अडखळे. मग काका भरती-ओहोटी बघून, होड्या समुद्रात असतानाच कापू लागले.

"आपल्या मुलाच्या मुंजीलाही एवढा मुहूर्त पाहिला नव्हता," काकू म्हणाल्या.

हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी, ओहोटीच्या घट्ट वाळूवर, आम्ही विमान नेलं. काकू छत्री घेऊन लांब उभ्या होत्या, पंचांसारख्या. काका आधी रिकाम्या हाताने धावले, काही नसलेलं विमान त्यांनी फेकलं आणि मान वर करून ते उडताना बघितलं. किनाऱ्यावरची माणसं माझ्याकडे कीव करून बघत होती. मग काकांनी खरं विमान फेकलं.

उडालं हो. माडांच्याही वर गेलं, वळलं, खाडीच्या तोंडावर आलं. आणि तिथल्या घारींना त्याचा वास लागला. एक मागे लागली, मग दोन. तिसरीने सरळ पंखात नख्या रोवून फूटभर तुकडा तोडून नेला. उरलेलं विमान खाडीत.

काकांचा हात रिमोटवर तसाच राहिला. ते काकूंकडे बघेनात. मीही बघितलं नाही.

काकू वाळूतून चालत आल्या. छत्री काकांच्या डोक्यावर धरून म्हणाल्या, "उडालं. मी पाहिलं. नंतर घारीने खाल्लं, तो तिचा प्रश्न."

हळदीकुंकवाला यंत्रावर त्यांनी धुतलेली चादर घातली, चारी बाजूंनी उदबत्त्या लावल्या आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला घारीची गोष्ट सांगितली. संध्याकाळपर्यंत घारी सात झाल्या होत्या.

काका गेले, त्यालाही आता दोन पावसाळे झाले. परवा दुपारी काकूंनी मला हाक मारली. "अरे, हे चालू करून दे. खाऱ्या हवेने गंजेल." मी बटण दाबलं. थर्माकोल नव्हताच. तार हलत गेली, हवेत पंखाचा आकार काढून परत जागेवर आली. पायरीवरचं मांजर उठलं, नाक वर करून थांबलं आणि निघून गेलं.

काकू पदराला हात पुसत म्हणाल्या, "बंदरावर गेलास तर एखादं खोकं आण."

मी हो म्हणून फाटकाशी पोचलो, तेवढ्यात मागून आवाज आला.

"धुऊ नकोस."