बाटली कुणी भरली?

डॉक्टर भैरवीला सगळं हॉस्पिटल रागीट म्हणतं. म्हणू दे. तिच्या जागी मी असते तर आतापर्यंत दोन-चार जणांच्या कानाखाली वाजवून मोकळी झाले असते. मी विनोदिनी, तिच्याकडे समुपदेशक आहे. म्हणजे रडणाऱ्या सुनांना पाणी देते आणि त्यांच्या सासवांशी गोड बोलते. दुसरं काम जास्त अवघड आहे.

भैरवी मूळची बेळगावातल्या शहापूरची, वकिलाची मुलगी. वंध्यत्वावरचं शिक्षण बंगळूरला झालं, तिकडेच राहिली असती तर नाव कमावलं असतं. पण ती बेळगावच्या या हॉस्पिटलात परतली, कारण तिला एकाच प्रश्नानं पछाडलं होतं. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत वर्षानुवर्षं काम करणाऱ्या पुरुषांच्या वीर्यावर त्याचा काय परिणाम होतो? हा विषय ऐकून विभागप्रमुख मार्तंड सर हसले होते. "पुरुषांचं काय तपासायचं? बायका घ्या, बायका मिळतात." बायका मिळतात! बाजारात वांगी मिळतात तशा.

पुरुष खरोखरच मिळेनात. दवाखान्यातल्या खोलीत जाऊन नमुना द्यायचा म्हटलं की तोंड लपवून पळायचे. शेवटी भैरवीनं निपाणीत आठवड्याचं शिबिर सुरू केलं आणि नमुना घरून आणायची मुभा दिली. बाटली अंगाशी उबेला धरायची आणि तासाभरात पोचवायची. तेव्हापासून बाटल्या भराभर यायला लागल्या. आणायच्या मात्र सासवा, पदरात गुंडाळून.

सदलग्याच्या शालूबाईंनीही तशीच आणली. मुलगा रविराज वखारीत कामाला. सून रूपाली आमच्याकडे येण्याआधी तीन डॉक्टरांकडून इंजेक्शनं टोचून घेऊन, दुर्बिणीच्या तपासणीसाठी पोटाला भोकं पाडून घेऊन आली होती. नवऱ्याची तपासणी एकानंही केली नव्हती. आमचा अहवाल आला तो अगदी उत्तम. शालूबाईंनी तो कपाळाला लावला आणि रूपालीसमोरच म्हणाल्या, "आता हिच्या धाकट्या भणीला करून घेतो रविराजला. घरातली घरात."

मला संताप आवरेना. भैरवी मात्र अहवाल पुन्हा पुन्हा बघत राहिली. रविराजला स्वतः तपासल्याशिवाय कुणाला जाऊ देणार नाही म्हणाली. कुरकुर करत तो आत गेला. बाहेर आली तेव्हा भैरवीचा चेहरा लाल झाला होता; शुक्राणू वाहून नेणारी नळीच त्याच्या अंगात हाताला लागली नव्हती, हे तिनं मला नंतर सांगितलं. "हा नमुना याचा नाही. कुणाचा आहे?"

रविराज आईच्या मागं सरकला. शालूबाईंना मात्र काही चुकल्यासारखंच वाटलं नाही. "त्येला लाज वाटत हुती ओ, मॅडम. मग धाकल्यानं दिलं. दोघं एकाच पोटचं, बियाणं एकच की!"

त्या थट्टा करत नव्हत्या. एका पोत्यातलं बियाणं कुठल्याही मुठीत सारखंच, इतका साधा हिशेब. या साध्या हिशेबापायी एका पोरीची सख्खी बहीण तिची सवत होणार होती.

भैरवीनं तो अहवाल तिथल्या तिथे रद्द केला आणि रूपालीला एकटीला आत घेतलं. मी सोबत होते.

"तुला माहीत होतं?"

"व्हय. बाटली दिरानं भरली, मला ठाव हुतं."

"मग बोलली का नाहीस गं?"

"मला कुणी इचारलं न्हाय, आक्का. तुमी बी न्हाय."

त्या आठवड्यात भैरवीनं शिबिरात आधी येऊन गेलेल्या बायकांना एकेकीला फोन लावायला घेतले. कुणी म्हणाली दिराची, कुणी म्हणाली चुलत्याच्या पोराची. कितीतरी जणींना ठाऊक होतं. तिनं घरून आलेले सगळे नमुने संशोधनातून काढून टाकले. वर्षांची मेहनत गेली, छापायला निघालेला लेख गेला. मार्तंड सर म्हणाले, "कळणार कुणाला होतं?" ती म्हणाली, "त्या बायकांना कळलेलंच होतं, सर." आता शिबिरात पहिला प्रश्न बायकोला, एकटीला विचारला जातो.

रविराजनं पुढं बेळगावला येऊन खोलीत बसून नमुना दिला. त्यात एकही शुक्राणू नव्हता. त्यानं रूपालीला सांगितलं आणि हात जोडून गप्प राहायला लावलं. घरी मात्र आईला ठणकावलं, दुसरं लग्न करणार नाही. त्यामुळं रूपालीची बहीण वाचली.

परवा सदलग्याची एक बाई तपासणीला आली होती. मी सहज रूपालीची चौकशी केली. गावात ओटी भरायला तिला अजून कुणी बोलवत नाही. रविराजचं मात्र तोंडभरून कौतुक चाललंय. "देवमाणूस बगा, आक्का. बायकू वांझ निगाली, तरी टाकली न्हाय."

भैरवी माझ्या शेजारीच होती. रुग्णाची गोष्ट तिसऱ्याला सांगायची नाही, हा नियम तिनंच मला शिकवलाय. तिच्या हातातलं पेन टेबलावर आपटलं. मग तिनं त्या बाईला विचारलं, "तुमच्या मालकांची बाटली कुणी भरली?"