रत्नमालानं सरांना सांगितलं

माझी मैत्रीण रत्नमाला नऊ वर्षं दुसऱ्यांचे हिशोब तपासते आहे. ती सी.ए. झालेली नाही, शेवटच्या परीक्षेचा एक ग्रुप राहिलाय, निम्मे पेपर. समर्थनगरातल्या एका सी.ए.च्या ऑफिसात ती ऑडिट असिस्टंट आहे. पगार चोवीस हजार. हे तिनं सांगितलं तेव्हा मी हातातला कप खाली ठेवला. मी मराठीत एम.ए. केलं, एका क्लासवर तासांप्रमाणे शिकवते. मला वाटायचं, ऑडिटर म्हणजे गाडी आणि फ्लॅट.

"ते सही करणाऱ्यांचं," ती म्हणाली. "आम्ही नुसते टिक करणारे."

सकाळी चिकलठाणा, दुपारी वाळूज. कारखान्यात तिला बसायला बहुधा स्टोअरमध्ये जागा मिळते, पंखा नसलेली. लोक गोड बोलतात आणि कागद उशिरा आणतात. परीक्षेसाठी रजा मागितली, की ऑफिसचे सी.ए. सर म्हणतात, "ऑडिटची मुदत आहे, सप्टेंबर जाऊ दे." सप्टेंबर गेला, की दुसरं काही येतं.

घर मुकुंदवाडीत. तिची आई मुक्ताबाई सिडकोत चार घरी पोळ्या करते. गुडघे गेलेत, काम उभ्यानं. आईनं ते काम सोडावं, एवढंच रत्नमालाला हवं होतं.

ऑगस्टात वाळूजच्या एका कारखान्याचे मालक बद्रीनाथशेठ तिला म्हणाले, "मॅडम, दिवाळीनंतर आमच्याकडंच या. हिशोब सांभाळा. पंचेचाळीस देतो."

मुक्ताबाईनं दुसऱ्याच दिवशी दोन घरं सोडली. "लई झालं," मला म्हणाली. "पोरगी म्हणती बस घरी. बसते."

त्याच आठवड्यात रत्नमालानं ही गोष्ट सरांना सांगितली.

"का सांगितलंस?" मी विचारलं.

"ज्यांचं ऑडिट करतो, तिथंच नोकरीचं बोलणं निघालं तर सांगावं लागतं. मग ती फाइल आपण बघायची नसते."

"कुणाला कळलं असतं, अगं?"

"त्यांचं बिल हातात घेतलं, की मला पंचेचाळीस हजार दिसायला लागले. त्या दिवशी काही बिलं न बघताच टिक केली मी. मग बसून खोडली." ती म्हणाली. "नऊ वर्षांत असं केलं नव्हतं."



सरांनी तिची पाठ थोपटली. फाइल दुसऱ्याला दिली. तिची यंदाची पगारवाढही थांबवली. जाणाऱ्या माणसाला कशाला, म्हणाले.

दिवाळीनंतर ती बद्रीनाथशेठकडं गेली. माझ्या स्कूटीवर मीच नेलं, म्हणून मीही केबिनमध्ये बसले.

"मॅडम, तुम्ही घोळ केला," शेठ म्हणाले. "तुमच्या जागी जो आला, त्यानं गोडाऊनमधला सडका माल उकरून काढला, हिशोबातून वजा केला. आता बँक कर्ज वाढवून देईना. तुम्ही असत्या तर सांभाळून घेतलं असतं."

"मीही काढला असता."

"आता काय, म्हणायला!" ते हसले. "आमचं ऑडिट तुमच्या हातून नीट निघालं असतं, तर ती खुर्ची तुमचीच होती. आता आमची फाइलच तुमच्याकडं नाही. मग आम्हाला तरी काय उपयोग? चहा घ्या."

एवढी वर्षं तिनं ज्यांचे हिशोब तपासायचे, त्या कुठल्याही कारखान्यात चहा घेतला नव्हता. त्या दिवशी घेतला. बशीत ओतून, सावकाश.

घरी मुक्ताबाईनं सगळं ऐकून घेतलं. "व्हय गं, खरं बोलायचंच व्हतं, तर नोकरी लागल्यावर बोलायचं."

"आई, तेव्हा बोलून काय उपयोग?"

"आता तरी काय झाला?"

 मुक्ताबाईनं फोन माझ्याकडं सरकवला. "त्या दोन घरी तूच लाव. तू शिकवणारी, तुला नाय म्हणायला जड जाईल त्यान्ला."

पहिल्या घरी दुसरी बाई लागली होती. दुसरीकडच्या बाई म्हणाल्या, "पाठवा उद्यापासून. पण पोळ्या पातळ करायला सांगा. मागं जाड व्हायच्या."

मी तसं सांगितलं. मुक्ताबाईनं मान हलवली आणि भिंत धरून उठली. रत्नमाला पैठणच्या ऑडिटसाठी बॅग भरत होती. टिक करायचं लाल पेन मिळत नव्हतं. मी माझं दिलं.