शेवटच्या कडव्यातलं नाव

"आधी कवीची परवानगी आणा," सहकारी छापखान्याच्या मॅनेजरनं भीमगीतांची जुनी पुस्तिका परत सरकवली.

"कवी वारला. पहिला छापणारा दुकान मोडून गेला," भूमच्या गायन पार्टीचा मारुती भडकला. "परवानगी काय मसणवाट्यातून आणू?"

मॅनेजरनं भांडण माझ्याकडं ढकललं. मी छापखान्याचा वकील. उस्मानाबादेत बहात्तरचा दुष्काळ, कोर्टात तारखा, त्यात हे!

कॉपीराइट म्हणजे लिहिलेल्यावरची मालकी. पुस्तक बाजारात मिळेनासं झालं म्हणून ती संपत नाही. तेव्हाच्या कायद्यानं कवी गेल्यावरही पन्नास वर्षं ती वारसांकडं असे. इकडं जयंतीला लोक पुस्तिका मागत होते आणि ती कुठंच नव्हती.

"वारस कोण?" मी विचारलं. मारुती छताकडं बघू लागला.

"मुलगी हाय येडशीला," शेवटी पुटपुटला.

मारुतीला घेऊन एसटीनं गेलो. सुमनबाई दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या. माझं सगळं ऐकून त्यांनी हातोडा खाली ठेवला.

"छापा की, साहेब. अण्णांनी गाणी कुलपात ठेवायला केली व्हय? पण ह्या मारुतीदादांनी शेवटच्या कडव्यातलं अण्णांचं नाव काढून सोताचं घातलंय. माझी पोरं आज्याची गाणी ह्यांची म्हणून म्हणत्यात."

शेवटच्या कडव्यात कवी आपलं नाव गुंफतो. ती त्याची सही.

"समदेच घालत्यात," मारुती म्हणाला. "कवी ऱ्हायला न्हाय की गाणारा आपलं नाव घालतो. रीतच हाय."

"मंग गाणं बी तुमीच करायचं!"

मला त्या बाईंबद्दल फार वाईट वाटलं. करार केला: छापताना आणि गाताना नाव अण्णांचंच. मारुतीनं तोंड वाकडं करून सही केली. पुस्तिका निघाली, हातोहात गेली. सुटलो एकदाचा, असं वाटलं.

कसलं काय! येरमाळ्याच्या कार्यक्रमाला मी गेलो. मारुती पेटीवर रंगात आला आणि शेवटच्या कडव्यात खुशाल स्वतःचं नाव घेतलं. जित्याची खोड! पुढं बसलेल्या सुमनबाई उठल्या. आता पुन्हा भांडण, पुन्हा माझ्याच दारात, म्हणून मी कपाळाला हात लावला.

त्या भांडल्या नाहीत. तेच कडवं त्यांनी अण्णांच्या नावानं म्हटलं. लोकांच्या हातात पुस्तिका उघड्या होत्या. त्यांनी छापलेलं नाव वाचत मागून म्हटलं. मारुतीची पेटी थांबली. मग त्यानं मुकाट्यानं त्यांचा सूर धरला.

करारात ती अट मीच घातली होती, पक्की, स्टॅम्पपेपरवर. पाळून घ्यायला मात्र बाईंनाच उभं राहावं लागलं.