प्रफुल्लच्या प्लेटांवरची सावली

गोदावरीबाईंनी बोर्डावरचा आपल्याच मुलाचा चेहरा विळ्याने कापला, हे एकोडीत कोणीही सांगेल. का कापला, ते मात्र कोणी सांगत नाही. मी त्यांचा भिंतीला भिंत लागून शेजारी, म्हणून मी सांगतो. ऐकून कोणाला राग आला तर येऊ द्या. मला तर आलेलाच आहे.

त्यांचे मालक भय्याजी. एका राईस मिलमध्ये माणसाने उमर घालवली आणि कोंड्याची धूळ छातीत बसली ती बसलीच. आता खाटेशेजारी ऑक्सिजनची मशीन असते. ती विजेवर चालते, आणि आमच्याकडची लाइन म्हणजे मनाची राणी, कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नाही. लाइन गेली की गोदावरीबाई सूप घेऊन नवऱ्याला वारा घालत बसायच्या. सुपाने छातीत हवा जात नाही हे त्यांनाही कळत होतं, पण नुसतं बघत तरी किती बसणार?

मुलगा प्रफुल्ल फौजेत होता. सुट्टीवर आला तेव्हा त्याने मागच्या एका खोलीवर स्लॅब टाकला आणि त्यावर सोलरच्या प्लेटा बसवल्या. बाकी घर कवेलूचं, मातीच्या कौलांचं, त्यावर प्लेटांचं वजन ठरत नाही. बॅटरी पडवीत ठेवली. आईला शिकवलं, बॅटरीच्या डब्यावर हिरवा दिवा असला तर काळजी नाही, लाल झाला तर समज बॅटरी संपत आली. जायच्या दिवशी बॅग खांद्यावर टाकून तो म्हणाला, "आई, आता लाइन गेली तरी बाबाची मशीन बंद नाही पडनार. सूप धानापुरतं ठेव."

त्यानंतरच्याच हिवाळ्यात सीमेवर बर्फ कोसळला आणि तो त्याखाली गेला.

तिरंग्यात गुंडाळून आणलं तेव्हा सानगडी-साकोलीपासून माणसं आली होती. ती गर्दी खोटी नव्हती, हे मी सांगितलंच पाहिजे. बायका धाय मोकलून रडत होत्या, मीही रडलो. पण रडून झाल्यावर माणसाने घरी जावं. काही लोक घरी गेलेच नाहीत.

त्यातला पहिला इश्वर, आमच्या युवा मंचाचा अध्यक्ष. पंधरा ऑगस्टच्या आधी तो लोखंडी सांगाडा आणि भलामोठा फ्लेक्स घेऊन हजर झाला. रस्ता घराच्या मागून, दक्षिणेकडून जातो, म्हणून बोर्ड नेमका त्या स्लॅबच्या दक्षिण काठावर उभा केला. वर वर्दीतला प्रफुल्ल, त्याखाली मंचाच्या पोरांची रांग, मधोमध हात जोडलेला इश्वर, आणि तळाला मोठ्या अक्षरांत 'कृतज्ञ ग्रामस्थ'. गोदावरीबाईंना विचारलं म्हणजे काय, सांगितलं. त्यांनी सगळ्यांना चहा केला. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच. छत गोदावरीबाईंचं, गेलेलं पोरगं गोदावरीबाईंचं, आणि नमस्कार इश्वरचा.

तेव्हा ऊन डोक्यावरचं होतं, म्हणून काही बिघडलं नाही. दिवाळीनंतर सूर्य दक्षिणेला कलला. आमच्याकडे त्याच दिवसांत गावोगावी मंडई भरते, दुकानं लागतात, घराघरांत पाहुणे येतात, रात्री नाटक होतं. मंडईच्या दुपारी लाइन गेली आणि थोड्याच वेळात प्रफुल्लचा हिरवा दिवा लाल होऊन मशीन थांबली. बाहेर पाळण्यांचा गोंधळ चाललेला आणि आत गोदावरीबाईंनी पुन्हा सूप हातात घेतलं.

मी साकोलीहून सचिनला बोलावलं. तो सोलरचं काम करतो. त्याने सगळं तपासून सांगितलं की प्लेटा चांगल्या आहेत, बॅटरीही चांगली आहे, प्लेटांवर बोर्डाची सावली पडते. सावली थोडीशीच असली तरी सगळी ओळ सुस्त पडते, बंडीचा एक बैल बसला की दुसऱ्याने काय करायचं? प्लेटा हलवायला दुसरा स्लॅब नव्हता. बोर्ड तेवढा खाली रस्त्याच्या कडेला लावा, म्हणाला. दोन माणसांचं काम होतं.

गोदावरीबाई इश्वरकडे गेल्या, मी सोबत होतो. त्यांनी सगळं नीट सांगितलं, अगदी हात जोडून. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं, मान हलवत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काकू, प्रफुल आता तुमचा एकटीचा नाही राह्यला. पुऱ्या गावाचा झाला. शहिदाचा बोर्ड खाली उतरवला तर लोक आमच्या तोंडात शेन घालतील."

सरपंचाने सव्वीस जानेवारी होऊ द्या म्हटलं, मोठे पाहुणे येणार होते. मंचाच्या पोरांनी बोर्डाला हार मात्र नवा घातला. भीक नको पण कुत्रा आवर, अशी त्या बाईची गत झाली. तिला कोणाची कृतज्ञता नको होती, तिला स्लॅबवरचं ऊन पाहिजे होतं.

मग एका दुपारी लाइन गेली ती लवकर आलीच नाही. मी भय्याजींना पाठीमागून धरून बसलो होतो. त्यांची नखं निळी पडत चालली होती आणि छातीतून जुन्या दारासारखा आवाज येत होता. गोदावरीबाई सूप हलवत होत्या, थांबतच नव्हत्या. लाइन आली, मशीन सुरू झाली, तेव्हा त्यांनी सूप खाली ठेवलं आणि कोपऱ्यातला धान कापायचा विळा काढून पाहिला.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर त्या स्लॅबवर चढल्या. मीही मागे गेलो. मी म्हटलं, वहिनी, खालची रांग कापा, त्या इश्वरला कापा, मी शिडी धरतो. खरं सांगायचं तर मला त्यात मजाही वाटली असती. त्या बराच वेळ सावलीकडे बघत होत्या. खालच्या रांगेची सावली नुसत्या स्लॅबवर पडत होती. प्लेटांवर पडत होती ती वरची टोपी, कपाळ, डोळे.

"हे खालचे आडवे येतच नाही, भाऊ," त्या म्हणाल्या. "आडवा तोच येऊन राहिला."

त्यांनी शिडी लावली आणि फ्लेक्सवरच्या चेहऱ्यावरून पदराने धूळ पुसली. मग विळा चालवला. दुपारपर्यंत पडवीतला दिवा हिरवा झाला.

संध्याकाळी गावात निषेधाची फेरी निघाली. इश्वर माइकवर ओरडत होता की कोण्या समाजकंटकाने शहिदाची विटंबना केली, त्याला गाव सोडणार नाही. फेरी घरापाशी थांबली. गोदावरीबाई बाहेर आल्या आणि सगळ्यांदेखत बोलल्या, "म्याच कापला. त्याच्या बापाले दम लागत होता."

इश्वरने माइक बंद केला आणि हळूच लोकांना सांगितलं की पुत्रशोकाने काकूंचं डोकं ठिकाणावर नाही, आपण समजून घेतलं पाहिजे. झालं. रागावले असते तर भांडता आलं असतं. कीव करणाऱ्यांशी कसं भांडणार? चार बायकांनी त्यांना धरून आत नेलं, त्यातली एक तर माझीच बायको.

सव्वीस जानेवारीच्या आत त्याच जागी नवा बोर्ड आला. या वेळी पत्र्याचा, कोणाच्या हाताने फाटू नये म्हणून. त्याच आठवड्यात गोदावरीबाईंनी घराला कुलूप लावलं आणि भय्याजींना साकोलीला मुलीकडे, रीनाकडे नेलं. दोन खोल्यांत पाच माणसं. तिथेही लाइन जाते, पण दवाखाना जवळ आहे. ध्वजारोहणाला त्यांना स्टेजवर बसवून शाल आणि नारळ दिला, आणि माइक दिला नाही.

मागच्या महिन्यात धानाचं पोतं न्यायला त्या आल्या तेव्हा दिवस मावळला होता. घर कुलूपबंद, काळोखात, आणि छतावर प्रफुल्लचा चेहरा उजेडात लखलखत होता. मंचाने बोर्डावर दिवा लावला होता. त्याची वायर कवेलूवरून खाली पडवीत, प्रफुल्लच्या बॅटरीला जोडलेली. तेवढ्या एका दिव्याला सावलीतल्या प्लेटाही पुरत होत्या.

माझं डोकंच फिरलं. मी वायर उपटायला हात घातला.

"राहू द्या, भाऊ," गोदावरीबाई म्हणाल्या. "पोराले अंधारात कायले ठेवू?"

मग त्यांनी पडवीतलं सूप काखेला मारलं, मी पोतं उचललं, आणि आम्ही साकोलीच्या गाडीची वाट बघत रस्त्यावर उभे राहिलो, त्या बोर्डाखालीच.