पेजेचे जादा चार दिवस

माझ्या बायकोनं आणि पांढुर्ण्याच्या एका वैद्यानं संगनमत करून मला चार दिवसांना फसवलं. दोघांनीही ते माझ्या तोंडावर कबूल केलं आहे, आणि कबूल करताना दोघंही हसत होते.

माझा धंदा संत्र्याचा. उभ्या बगीच्यात फिरून झाडावरच्या मालाचा सौदा करायचा. एके काळी दुसऱ्यांच्या पेट्या उचलत होतो. आता माझ्या पेट्या माणसं उचलतात, ते या जिभेच्या जोरावर. समोरच्यानं पहिला आकडा सांगितला की माझं डोकं तापतं आणि डोकं तापलं की आकडा खाली येतो. भाजीवालीपासून डॉक्टरपर्यंत मी कुणाला सोडलेलं नाही.

मागच्या हिवाळ्यात आतड्याला पीळ पडला. नागपूरला नेलं, पोट उघडलं, पीळ सोडवला, पोट शिवलं. सुटी देताना सर्जन म्हणाले, "अजून काही दिवस हलकं खा." काही म्हणजे किती? हा काय आकडा झाला? बायकोनं विचारलं, वैद्याकडून पथ्य बांधून घेतलं तर चालेल का. ते म्हणाले, "पेज, मुगाचं पाणी खुशाल द्या. आमच्या गोळ्या मात्र बंद करायच्या नाहीत."

इकडे तिनं जामसांवलीच्या हनुमानाला नवस बोलून ठेवला होता. माणूस धड घरी आला की दुसऱ्या शनिवारी रोडग्यांचा स्वयंपाक. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे फोडून तुपात बुडवायचे, सोबत वांग्याची भाजी. दवाखान्यात सलाइन चढत असताना मी त्याच शनिवारचा विचार करत होतो. घरी आल्यापासून तो नववा दिवस येत होता.

पहिल्याच दिवशी वैद्य आले. नाडी धरून म्हणाले, "शेटजी, अग्नी मंद झाला आहे. विझत आलेल्या चुलीत मोठी लाकडं कोंबली तर धूरच होईल. आधी पातळ पेज, सुंठ अन् सैंधव घालून. मग घट्ट पेज. मग मुगाचं कढण. मग मऊ भात. एकवीस दिवस."

"एकवीस? पोट शिवलं का किल्ला बांधून राहिले?" मी उसळलो आणि टाक्यांतून कळ गेली.

"ओरडू नका. पोटावर जोर येते."

मग पोटाशी उशी धरून मी कुजबुजत घासाघीस केली. जन्मात पहिल्यांदा. मी तीन म्हणालो, ते अठरा म्हणाले. मी पाच, ते पंधरा. अकरावर माझा दम संपला. तरी जवळजवळ निम्म्यावर आणलं म्हणून मी खूश होतो. स्वयंपाक आठवडाभर पुढं ढकलू, असा विचार केला. बायको म्हणाली, "देवाचा शनिवार काय तुमचा बगीचा हाय, भाव पाडाले? पाहुण्यायले सांगून झालं."

शनिवारी जामसांवलीला सगळे जेवले आणि मी झाडाखाली थर्मास घेऊन बसलो. साळा तुपाची वाटी माझ्या नाकाखालून फिरवत म्हणाला, "भाऊजी, वास तरी घ्या. वासाले पथ्य नसते."

शेजारच्या चुलीवर लोधीखेड्याची एक बाई होती. तिनं थर्मास ओळखला.

"पांढुर्ण्याच्या वैद्याचं मुगाचं पाणी ना भाऊ? मायंबी पोट चिरलं होतं. कितवा दिवस?"

"नववा."

"नववा? अन् अजून पाणीच? बाप्पा! मले त सात दिवस पाजलं. साऱ्यायले सातच सांगते तो. आठव्या दिवशी मी वरणात पोळी कुस्करून खाल्ली."

मी ताडकन उठलो. भाजीच्या रिकाम्या गंजात बायकोनं घासायला म्हणून नुकतंच पाणी ओतलं होतं. रोडगा एक उरला नव्हता.

"मीच सांगतलं वैद्याले, तिप्पट बोला म्हणून," ती गंज घासतच हसत म्हणाली. "सात बोलले असते त तुमी दोनावर आणले असते. मंग पुन्हा नागपूर."

सोमवारी मी वैद्याच्या ओट्यावर जाऊन उभा राहिलो. उशी सोबत होतीच. तो शांतपणे सुंठ कुटत, गालातल्या गालात हसत म्हणाला, "शेटजी, मी त सातावर यायले तयार होतो. तुमीच अकरावर थांबले."

हे मला जास्त लागलं. आजवर मी कुठल्याही सौद्यात शेवटच्या आकड्याआधी थांबलेलो नाही.

सात दिवस माझ्या भल्याचे होते, हे मी मानतो. पोट आज ठणठणीत आहे, तेही मानतो. पण वरचे चार दिवस कोणत्या शास्त्रात बसतात? मी अकरा म्हणालो तेव्हा नाडीवर वैद्याचा हात होता, माझा दम संपला हे त्याला कळत होतं. बायको उशाशी उभी होती. "अजून थोडं खाली ओढा" एवढं एकाच्याही तोंडून का निघालं नाही? वरणात कुस्करलेल्या अर्ध्या रोडग्यावर माझा हक्क होता. तो कोणामुळे बुडाला, हे दोघांपैकी एकानं मला सांगावं, आणि सांगताना हसू नये.