उपयोग नसलेलं फूल

सुगुणाबाई रस्त्यानं चालताना समोर पाहत नसत. नजर कायम जमिनीवर. ओळखीची माणसं त्यांना चपलांवरून कळत. मद्रासच्या आमच्या कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र शिकवत. मी लग्न होऊन पुण्याहून नुकतीच आलेली, इतिहास शिकवायचे. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या तंजावरचं. त्यांचं मराठी ऐकताना जुन्या बखरीतलं कुणीतरी तमिळ हेल काढून बोलतंय असं वाटे.

एका मार्गशीर्षात, तिकडचा दिवाळीच्या सुमाराचा पाऊस ओसरल्यावर, त्यांनी मला शहराबाहेर गिंडीच्या पलीकडच्या माळावर नेलं. पावसाचं पाणी नुकतंच आटलेल्या खोलगट जागी बोटाच्या पेराएवढी रोपं होती आणि त्यांना निळसर फुलं आली होती. ही रोपं दरवर्षी पावसात उगवत, फुलत, बी टाकून मरत. मद्रासच्या आसपास सोडून ती कुठंच नव्हती. वस्ती वाढली तशी इतर माळांवरूनही गेली; उरला होता हा एक तुकडा. मला ते गवत वाटलं, आणि मी तसं म्हणालेही. बाईंना राग आला नाही.

"बैसून पाहा," एवढंच म्हणाल्या. मी साडी सावरून चिखलात बसले.

पुढं तो माळ कारखान्यांसाठी सपाट करायचं ठरलं. बाई तिथल्या इंजिनिअरांना भेटायला गेल्या, सोबतीला मी. गृहस्थ भले होते. त्यांनी कॉफी मागवली, सगळं ऐकून घेतलं. फुलाचा औषधाला वगैरे उपयोग असेल तर तसं लिहून द्या, तेवढ्या कोपऱ्याला कुंपण घालायचं मी पाहतो, असं त्यांनी तमिळमध्ये सुचवलं. त्यांना मराठी कळत नव्हतं, म्हणून मी बाईंना हळूच मराठीत म्हटलं, "हो म्हणा."

बाईंनी त्यांना सांगितलं, फुलाचा उपयोग काही नाही.

परतताना बसमध्ये मी त्यांच्यावर चिडले. त्यांनी आधी दोघींची तिकिटं काढली. मग म्हणाल्या, "खोटें सांगून राखिलें, तर उद्यां वर्गांत मुलींस काय सांगूं?"

उन्हाळ्यात माळ सपाट झाला. त्याआधी बाईंनी बी आणि तिथली माती आणून मैलापूरच्या आपल्या गच्चीवर कुंड्या भरल्या होत्या. पहिल्या पावसाळ्यात फुलं आली. शेजारपाजारच्या बायकांना बोलावून त्यांनी ती दाखवली. दुसऱ्या वर्षी एखाददुसरं रोप आलं, त्यानंतर काही नाही. पाणी कमी पडलं असेल, मी म्हणाले.

"माती आणली," त्या म्हणाल्या, "जागा आणूं शकलें नाहीं."

निवृत्तीनंतर त्यांचं बोलणं कमी झालं. एकदा मी विचारलंच, त्या दिवशी हो म्हटलं नाही याचा पश्चात्ताप होतो का?

"होतो. नेहमी होतो." त्या म्हणाल्या, "पुन्हां विचारलें तरी तेंच सांगेन."

त्या गेल्यावर त्यांच्या भाचीनं गच्ची रिकामी केली. एक कुंडी मी मागून आणली, मातीसकट. दर पावसाळ्यात तिच्यात काहीतरी उगवतं. आतापर्यंत तरी सगळं साधं तण निघालं. पण फूल येईपर्यंत मी ते उपटत नाही.