झोपलेली गाडी
रस्त्यावर चिरडलेल्या संत्र्यांचा वास आला की मला लग्नानंतरची ती दुपार आठवते. नवऱ्याच्या ट्रकमधून मी वरूडहून माहेरी, बार्शीटाकळीला निघाले होते. पुढच्या ट्रकमध्ये धाकटे दीर होते आणि दोन्ही गाड्यांत संत्रीच भरलेली होती. समोर लावलेल्या मोबाइलवर ड्रायव्हर लोकांच्या ग्रुपचे आवाज सारखे येत होते. मूर्तिजापूरजवळ कोणी ओरडलं, ‘पुढं मामा उभे हायेत, सासराबी संगं हाये!’ मामा म्हणजे पोलीस आणि सासरा म्हणजे आरटीओ, हे यांनी सांगितल्यावर मला हसू आवरेना. अकोला सुटल्यावर एक घोगरा आवाज आला, ‘वळणावर संत्र्याची गाडी झोपली रे.’ मी गमतीनं म्हटलं, ‘भाऊजी झोपले काय गाडी लावून?’ हे हसले नाहीत. त्यांनी दिरांना फोन लावला, पण नुसती रिंग जात राहिली. ‘झोपली म्हंजे उलटली,’ एवढंच म्हणून त्यांनी गाडीचा वेग वाढवला. वळणावर ट्रक आडवा पडला होता आणि लोक पिशव्यांत संत्री भरत होते. ढाब्यापुढच्या बाजेवर कोणाला तरी निजवलं होतं, तोंडावर दुपट्टा टाकलेला. हे उतरून बाजेपाशी गेले. मग दुपट्टा हलला. ‘दादा, पाणी दे मले,’ दीर म्हणाले. त्यांचा एक पाय गेला, पण जीव वाचला. आता हे रस्त्यावर असले की तो ग्रुप माझ्याही फोनवर चालू असतो. त्यातला शब्द न् शब्द मला कळतो, आणि कळतो म्हणूनच घास घशाखाली उतरत नाही.